आंतरराष्ट्रीय मानवी हक्क आयोग: खान्देशातून सतत येणारे प्रश्न

शहाद्याला मी लोकांना अर्ज लिहून देते. वनदावे, पुनर्वसनाची रखडलेली प्रकरणं, ऊसतोडीच्या उचलीचे वाद. यातले निम्मे लोक कधी ना कधी विचारतातच, "ताई, हे वर युनोत पाठवता येत नाही का?" नवापूरपासून रावेरपर्यंतच्या लोकांनी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "आंतरराष्ट्रीय मानवी हक्क आयोग" नेमका आहे कुठे? पत्ता द्या.

या नावाचं एकच एक ऑफिस कुठेही नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. युनोने १९४६ साली मानवी हक्क आयोग नेमला होता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याच आयोगाने केला. पुढे मात्र त्याची अब्रू गेली. ज्यांच्यावर अत्याचाराचे आरोप तीच सरकारं आयोगावर बसून एकमेकांना सांभाळून घेऊ लागली. २००३ साली तर अध्यक्षपद लीबियाकडे गेलं. २००६ मध्ये तो आयोग गुंडाळला आणि त्या जागी मानवी हक्क परिषद आली. ४७ देश सदस्य, मुक्काम जिनिव्हा. (परिषदेवरही नको ती सरकारं निवडून येतातच, पण ते असो.)

आज लोक "आयोग" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात चारपैकी काहीतरी एक असतं. पहिली ही परिषद, जिथे सरकारं बसतात. दुसरे विशेष प्रतिवेदक, म्हणजे घर, पाणी, आदिवासींचे हक्क अशा एकेका विषयासाठी नेमलेले बिनपगारी तज्ज्ञ. तिसऱ्या करार समित्या; एखादा आंतरराष्ट्रीय करार देश पाळतो की नाही हे त्या तपासतात. आणि चौथे चौकशी आयोग, एखाद्या देशात मोठं काही घडलं की तेवढ्यापुरते नेमलेले. सीरियासाठी २०११ मध्ये असा आयोग नेमला, म्यानमारसाठी २०१७ मध्ये सत्यशोधन पथक नेमलं. या सगळ्यांचं दप्तर युनोच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचं कार्यालय सांभाळतं. उच्चायुक्त हे पद १९९३ साली निर्माण झालं, कार्यालय जिनिव्हातच आहे.

२. ते शिक्षा करतात का? कलेक्टरला बोलावून जाब विचारतात का?

दोन्ही नाही. सरकारने परवानगी दिल्याशिवाय त्यांना देशात पाऊलही टाकता येत नाही. ते साक्षी ऐकतात, कागद पडताळतात, सरकारला लेखी प्रश्न विचारतात आणि अहवाल छापतात.

परवानगी मिळाली नाही तर? २०१३ मध्ये उत्तर कोरियासाठी चौकशी आयोग नेमला. त्या सरकारने दार उघडलंच नाही. मग आयोगाने सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टन इथे जाहीर सुनावण्या घेतल्या. ८० हून जास्त लोक उघडपणे बोलले आणि २४० जणांच्या मुलाखती गुप्त ठेवल्या. २०१४ च्या अहवालात मानवतेविरुद्धचे गुन्हे घडल्याचा निष्कर्ष आला. अशा आयोगांची कसोटी कोर्टाएवढी कडक नसते. "असं मानायला वाजवी आधार आहे" इथवर ते जातात. गुन्हेगार ठरवणं त्यांच्या हातात नाही.

अहवाल पुढे कोर्टापर्यंत पोचल्याचीही उदाहरणं आहेत. सुदानमधल्या दारफूरचा आयोग २००४ साली नेमला आणि त्याच्या अहवालानंतर २००५ मध्ये सुरक्षा परिषदेने ते प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवलं. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही.

३. मग त्याचा आपल्याला उपयोग काय? आपल्या भागात कधी असा आयोग आलाय का?

आलाय. थेट अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी. आपल्याकडच्याच पोरांना हे माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं, म्हणून जरा लांबून सांगते.

सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. तेव्हा ही गावं धुळे जिल्ह्यात होती. वस्ती भिल्ल-पावरा आदिवासींची. घराजवळच्या तुकड्याला सातबारा असला तर असायचा, पण पोट भरायचं ते वरच्या उतारावरच्या नेवाडावर, म्हणजे जंगल साफ करून पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतावर. सरकारी दप्तरात नेवाड करणारा हा अतिक्रमणदार. अतिक्रमणदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन कशी द्यायची, असा सरकारचा सवाल.

नर्मदा बचाव आंदोलनाचा दबाव वाढला तेव्हा बँकेने १९९१ मध्ये स्वतःच्याच प्रकल्पावर एक स्वतंत्र समिती नेमली. बँकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, युनोच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. जोडीला थॉमस बर्जर, कॅनडाचे माजी न्यायाधीश. ही माणसं गावोगाव फिरली आणि जून १९९२ मध्ये त्यांनी अहवाल दिला. आहे या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणाचा विचार नीट झालेला नाही आणि बँकेने मागे हटून सगळं पुन्हा तपासावं, असा त्याचा मथितार्थ. नेवाडाच्या बाबतीत समितीने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार पुढे धरला. आदिवासींच्या परंपरागत वहिवाटीच्या जमिनीवर त्यांचा हक्क मानणारा हा करार भारताने १९५८ सालीच मान्य केला होता. म्हणजे जिनिव्हात झालेल्या एका कागदाची आठवण तीस-पस्तीस वर्षांनी आपल्या डोंगरात कुणीतरी करून दिली.

ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेने आणखी सहा महिन्यांची मुदत दिली आणि अटी घातल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेने कायमचं तपासणी मंडळ उभं केलं (पाहा प्रश्न १३).

आता दुसरी बाजू. धरण थांबलं नाही. त्याच १९९३ च्या पावसाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेली गावात पाणी शिरलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं, पण १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने ते पुन्हा सुरू झालं. त्या निकालात न्यायालयाने मोर्स समितीच्या अहवालावर विसंबायला नकार दिला. भिंत शेवटी १३८.६८ मीटरपर्यंत गेली.

तेव्हा उपयोग काय, याचं माझं उत्तर असं: समितीने पाणी अडवलं नाही. पण ज्यांना दप्तरात अतिक्रमणदार म्हटलं होतं त्यांचा जमिनीवर हक्क आहे, असं सरकारबाहेरच्या कुणीतरी छापून ठेवलं. ते खोडायलाही सरकारला लेखी उत्तर द्यावं लागलं. आयोगाकडून एवढीच अपेक्षा ठेवा.

४. आमच्या तालुक्यात एक साहेब "इंटरनॅशनल ह्युमन राइट्स"चं ओळखपत्र तीन हजारांत देतात. घ्यावं का?

घेऊ नका. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे.

संस्था किंवा ट्रस्ट कुणीही नोंदवू शकतो, आणि नावात "मानवाधिकार", "आंतरराष्ट्रीय", "भारत" असे शब्द घालायची हौस दांडगी. पण संस्था म्हणजे आयोग नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे सदस्य राष्ट्रपती नेमतात, राज्य आयोगाचे राज्यपाल. जिनिव्हातली कुठलीच यंत्रणा तालुकाध्यक्ष, जिल्हा उपाध्यक्ष किंवा महिला आघाडी प्रमुख नेमत नाही. युनोचं नाव आणि बोधचिन्ह परवानगीवाचून वापरायला १९५० च्या बोधचिन्हं व नावांच्या गैरवापर प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे.

मागे तळोद्याकडचा एक तरुण माझ्याकडे आला. गळ्यात निळी फीत, तिला लटकलेलं कार्ड, कार्डावर पृथ्वीचा गोल आणि दोन्ही बाजूंनी पानांच्या डहाळ्या. खाली लिहिलेलं "जिल्हा सचिव". दोन बकऱ्या विकून त्याने ते घेतलं होतं. त्याचा प्रश्न एकच होता, "टोल माफ होतो ना?" होत नाही. पोलिस ठाण्यात खुर्चीही मिळत नाही. उलट गाडीवर पाटी लावून फिरलात आणि कुणी हटकलं, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. कार्ड देणारे साहेब तेव्हा फोन उचलत नाहीत.

५. भारताने कोणकोणत्या करारांवर सही केली आहे?

सही करणं वेगळं आणि मंजुरी देणं वेगळं, हे आधी ध्यानात घ्या. मंजुरी दिली की देश बांधील होतो.

भारत बांधील आहे ते मुख्य करार असे: वंशभेदाविरुद्धचा (१९६८), नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा (दोन्ही १९७९), बालहक्कांचा (१९९२), स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा (१९९३) आणि अपंगांच्या हक्कांचा (२००७). छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली, मंजुरी आजवर दिलेली नाही. बळजबरीने गायब करण्याविरुद्धच्या कराराचंही तेच. सही २००७ ची. आदिवासींसाठीचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा नवा कामगार संघटना करार भारताने स्वीकारलेला नाही, म्हणून प्रश्न ३ मधला जुना १०७ क्रमांकाचाच करार आपल्याला लागू आहे.

बांधील देशाने ठरावीक काळाने समितीपुढे अहवाल द्यायचा असतो. नागरी हक्कांच्या समितीपुढे भारत १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये उभा राहिला. ग्रामपंचायतीने सत्तावीस वर्षं हिशोब दिला नसता तर तिचं काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

६. मी माझी तक्रार थेट जिनिव्हाला पाठवू शकते का?

करार समित्यांकडे नाही. एकट्या माणसाची तक्रार ऐकायची तर देशाने त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते, आणि भारताने ती कुठल्याही करारासाठी दिलेली नाही. शेजारचा नेपाळ नागरी हक्कांच्या करारासाठी ती देऊन बसला आहे, आपण नाही. युरोप, अमेरिका खंड आणि आफ्रिका यांची स्वतःची प्रादेशिक आयोग-न्यायालयं आहेत. दक्षिण आशियात तसं काहीच नाही.

तरी काही वाटा उघड्या आहेत.

विशेष प्रतिवेदकांना कुणीही लिहू शकतं. देशातले उपाय संपवले पाहिजेत अशी त्यांची अट नसते. त्यांना प्रकरण दखल घेण्यासारखं वाटलं तर ते सरकारला पत्र पाठवतात आणि साधारण ६० दिवसांनी ते पत्र, सरकारचं उत्तर आलं असेल तर त्यासकट, सगळ्यांना वाचायला खुलं होतं. तातडीचं असेल, जिवाला धोका असेल, तर त्याच दिवशी लिहा.

बेकायदा डांबून ठेवलं असेल तर १९९१ पासूनचा एक कार्यगट आहे. देशाने कुठला करार मान्य केला हे न बघता तो एकट्या माणसाचं प्रकरण घेतो आणि कैद मनमानी आहे की नाही यावर मत देतो. बेपत्ता केलेल्यांसाठी १९८० पासूनचा दुसरा कार्यगट आहे.

परिषदेची स्वतःची तक्रार पद्धतही आहे, पण ती गंभीर आणि सातत्याने चाललेल्या उल्लंघनांसाठी आहे. तुमच्या एका बांधाच्या वादासाठी नाही. तिथे निनावी तक्रार चालत नाही, नुसती वर्तमानपत्राची कात्रणं चालत नाहीत आणि देशातले उपाय संपलेले असावे लागतात (पाहा प्रश्न ७). कामकाज गुप्त चालतं.

७. "देशातले उपाय संपले" हे कसं दाखवायचं?

कागदाने. वनदाव्याचंच घ्या. ग्रामसभेपुढे दावा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. वरच्या समितीकडे जायला प्रत्येक वेळी ६० दिवस. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, २०२० पासून जिल्हा समितीच्या वरही विभागीय समितीकडे अपील करता येतं. त्यानंतर उच्च न्यायालय. नंदुरबार, धुळे, जळगाव तिघांसाठी औरंगाबाद खंडपीठ. हे सगळं झालं आणि न्याय मिळाला नाही, तर उपाय संपले.

अपवाद आहे. उपाय फार रेंगाळला किंवा तो नावापुरताच असला, तर तो संपवायची गरज नाही. पण रेंगाळला हेही दाखवावं लागतं, आणि इथेच आपले लोक अडकतात. "पाच वर्षं चकरा मारतोय" हे तोंडी कुणी धरत नाही. आवक शिक्का मारलेली प्रत, तारीख, नावानिशी पोच. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून दाव्याची सद्यस्थिती लेखी घेतलेली असली तर फारच छान.

काय कागद जपावा याचा नेम नसतो. धडगाव तालुक्यातले एक आजोबा किराण्याच्या पिशवीत सगळं दप्तर घेऊन आले. त्यात एका रबरात गुंडाळलेल्या पिवळ्या पडलेल्या पावत्या होत्या, वनखात्याने दंड केल्याच्या. त्यांना वाटत होतं, या दाखवल्या तर आपलंच नुकसान. मी त्या टेबलावर तारखेवार लावल्या. सगळ्या १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या. वनहक्क कायद्याची कबज्याची मुदत नेमकी तीच. त्यांना अतिक्रमणदार म्हणून केलेला दंडच त्यांच्या कबज्याचा सगळ्यांत पक्का सरकारी पुरावा निघाला. आजोबा बराच वेळ त्या पावत्यांकडे बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे दंड भरला ते बरंच झालं म्हणायचं!"

८. मग राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोग कशाला आहेत?

तुमच्या कामाचे मुख्यतः तेच आहेत. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोग झाला. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत बसतो. फी नाही, वकील लागत नाही. राष्ट्रीय आयोग आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत तक्रार घेतो, म्हणजे मराठीत चालते. साक्षीदारांना बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत, शेवटी मात्र शिफारसच करता येते. नुकसानभरपाईच्या शिफारशी बऱ्याचदा पाळल्या जातात.

तीन गोष्टींवर तक्रारी फेटाळल्या जातात. घटनेला वर्ष उलटलं असेल तर आयोगाला चौकशी करता येत नाही. राज्य आयोगाकडे प्रकरण आधीच असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. आणि सैन्यदलांविरुद्धच्या तक्रारीत आयोगाला फक्त केंद्राकडून अहवाल मागवता येतो. कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत राष्ट्रीय आयोगाला द्यायचा आदेश १९९३ पासून आहे. ती दिली का, हे नातेवाइकांनी लेखी विचारावं.

आयोगांवरही आयोग आहेत. राष्ट्रीय आयोगांची एक जागतिक संघटना त्यांना दर्जा देते. आपल्या आयोगाच्या फेरमान्यतेचा निर्णय तिने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पुढे ढकलला. चौकशीच्या कामात पोलिस अधिकारीच असणं हा त्यातला एक आक्षेप होता.

९. मराठीत लिहिलेलं जिनिव्हात चालतं का? आमच्या म्हातारीला तर फक्त पावरी येते.

युनोच्या सहा भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. तक्रार यांपैकीच एकीत हवी, व्यवहारात इंग्रजीत. मूळ मराठी कागदांसोबत भाषांतर जोडावं.

म्हातारीचं म्हणणं मात्र तिच्याच बोलीत आधी लिहून किंवा रेकॉर्ड करून घ्या. मी पूर्वी सरळ मराठीत उतरवायची. एकदा जबाब परत वाचून दाखवला तर बाई म्हणाली, "हे मी बोललेच नव्हते." तिने "हाकललं" म्हटलं होतं, मी "स्थलांतरित केलं" लिहिलं होतं.

१०. चार-पाच वर्षांनी भारताची "परीक्षा" होते म्हणतात, ती काय?

सार्वत्रिक नियतकालिक आढावा, बोलताना यूपीआर. जगातल्या प्रत्येक देशाची पाळी साधारण साडेचार वर्षांनी येते. बाकीचे देश साडेतीन तास प्रश्न विचारतात, शिफारशी करतात. भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाली. २०२२ ला ३३९ शिफारशी आल्या, भारताने २२१ स्वीकारल्या. न स्वीकारलेल्यांपुढे "नोंद घेतली" असं लिहितात, तहसीलमधल्या शेऱ्यासारखंच.

इथे संस्थांना लेखी निवेदन देता येतं. एका संस्थेला २८१५ शब्द, अनेकांनी मिळून दिलं तर ५६३०. सातपुड्यातल्या पाच-सहा संघटनांनी एकत्र येऊन चार नेमके मुद्दे मांडले तर ते एकट्याच्या तक्रारीपेक्षा जास्त वाचले जातात, असं माझं मत.

११. परदेशी आयोगाकडे तक्रार करणं म्हणजे देशाची बदनामी नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट सांगते: १९४६ साली, स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं तेव्हा, दक्षिण आफ्रिकेत भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार युनोत भारतानेच नेली होती. ही आमची अंतर्गत बाब आहे, असं तेव्हा दक्षिण आफ्रिका म्हणत होती.

आणि तो १९४८ चा जाहीरनामा. त्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघणारा शब्द होता. तो बदलून "सर्व माणसं" करायला लावलं भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. जन्म सुरतचा. नंदुरबारहून ताप्ती लाइनची गाडी पकडली की थेट त्यांच्या गावी उतरता येतं. परक्यांचं म्हणून झटकून टाकायचं तर आधी हे झटकावं लागेल.

सरकारं चिडतात हेही खरं. भारताने २०११ मध्ये सगळ्या विशेष प्रतिवेदकांना कायमचं निमंत्रण दिलं. २०१७ मध्ये पाणी आणि स्वच्छतेचे प्रतिवेदक लेओ हेलर आले, जाताना म्हणाले की स्वच्छ भारतच्या चष्म्याला मानवी हक्कांची काच हवी. सरकारने त्याच दिवशी कडक निषेध केला. तक्रार करणाऱ्याला त्रास झाला तर तोही कळवा; अशा सूडाच्या प्रकरणांवर युनोचे महासचिव दरवर्षी वेगळा अहवाल देतात.

१२. जातीवरून होणारा अन्याय या करारांत येतो का? त्यात "जात" हा शब्दच नाही.

वादाचा मुद्दा आहे. वंशभेदविरोधी करारात "वंश, रंग, कूळ" असे शब्द आहेत. कुळात जात येते, असं त्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केलं. भारत सरकार म्हणतं, जात म्हणजे वंश नव्हे, आणि २००१ मध्ये वंशभेदावर दरबानला झालेल्या युनोच्या परिषदेतही त्याने तीच भूमिका घेतली. समिती तरी दरवेळी जातीचे प्रश्न विचारते. तुमच्यासाठी अर्थ एवढाच: अॅट्रॉसिटीचा गुन्हा इथेच नोंदवा, आकडे आणि प्रकरणं समितीच्या आढाव्याच्या वेळी पाठवा.

१३. प्रकल्पाला परदेशी बँकेचा पैसा असेल तर?

तर तुमच्याकडे एक जादा दार आहे. जागतिक बँकेच्या तपासणी मंडळात तीन सदस्य असतात, आणि ते उभं राहण्यामागे सरदार सरोवराच्या लढ्याचा वाटा मोठा (पाहा प्रश्न ३). बाधित भागातल्या किमान दोन जणांनी मिळून अर्ज करायचा, आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना कळवल्याचं दाखवायचं. मंडळ सरकारला तपासत नाही; बँकेने स्वतःचे नियम पाळले का, एवढंच तपासतं. रस्ता, धरण, पाणीयोजना काहीही असो, फलकावरचं "अर्थसाहाय्य" हे अक्षर आधी वाचा. बँक नसेल तर हे दार नाही. मग युनोची विकासातून होणाऱ्या विस्थापनाबाबतची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं अर्जात उद्धृत करा. ती मिलून कोठारी विशेष प्रतिवेदक असताना तयार झाली.

१४. गावानेच एका बाईला डाकीण ठरवून हाकललं. सरकारने काही केलेलं नाही. मग मानवी हक्कांचा भंग कुणी केला?

दोघांनी. आधी गावाने, आणि कळवूनही पोलिसांनी हात हलवला नसेल तर सरकारने. खासगी माणसांच्या अत्याचारापासून वाचवणं हेही सरकारचं काम आहे, असं सगळ्या समित्या मानतात. डाकीण ठरवण्यासारख्या प्रथांवर मानवी हक्क परिषदेने २०२१ मध्ये वेगळा ठराव केला आहे. पण पहिलं पाऊल ठाण्यातच: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. ठाणेदाराने "गावाचं गावात मिटवा" म्हटलं तर तारीख-वेळ लिहून पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने कळवा. त्याच पावतीने पुढे सरकारची जबाबदारी सिद्ध होते.

१५. उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेलो, मुकादम सोडत नाही. हे कुठे न्यायचं?

आज रात्री? ज्या जिल्ह्यात अडकला आहात तिथल्या कलेक्टरकडे, वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्याखाली. जिनिव्हा यात कामाचं नाही.

पुढे मात्र एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे एकटा मजूर जाऊ शकत नाही, युनियन जाऊ शकते. आणि संघटना स्वातंत्र्याची तिथली समिती, १९५१ पासूनची, देशाने तो करार मान्य केलेला नसला तरी तक्रार घेते. भारताने ८७ आणि ९८ क्रमांकाचे युनियनचे करार मान्य केलेले नाहीत, तरी भारताविरुद्धच्या तक्रारी तिथे चालतात. म्हणजे प्रश्न ६ मध्ये जिथे "संमती नाही" म्हणून दार बंद होतं, तिथे युनियन नोंदलेली असेल तर ते उघडतं. कोयता टोळीची युनियन नोंदवायला कुणी मागत असेल तर मी फी घेत नाही.

१६. पाठवल्यावर किती दिवसांत उत्तर येतं? आणि तुम्ही किती घेता?

पोच लवकर येते. विशेष प्रतिवेदकाने सरकारला पत्र लिहिलं की नाही हे कळायला महिने लागतात, बऱ्याचदा लिहितच नाहीत. त्यांच्याकडे सगळ्या जगातून अर्ज येतात. समित्यांचा आढावा वर्षांच्या हिशोबात धरा.

पैसे कुठल्याच आयोगाला लागत नाहीत. मी झेरॉक्सचे आणि टायपिंगचे घेते. येताना मूळ कागद आणा, पण ठेवून जाऊ नका. झेरॉक्स माझ्याकडे, मूळ तुमच्या पिशवीत. आणि बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी बोलायला पाच मिनिटंही मिळत नाहीत.